समारोपाचं भाषण आणि अकरा वचनं

परभणी

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

गावातल्या शिबिराच्या समारोपाचं, माणसाच्या स्वभावावरचं तुझं भाषण वाचलं. सात मिनिटांत सावकाश बोललं तर सातशे-आठशे शब्द बसतात आणि तू त्यात अकरा वचनं कोंबलीस. दोन ठेव, फार तर तीन. एक मुरायच्या आत दुसरं आलं की लोक मान डोलावतात आणि घरी रिकाम्या हातानं जातात.

वचन कोणी, कोणाला, कशासाठी म्हटलं हे बघितल्याशिवाय ते भाषणात घ्यायचं नाही. "वसुधैव कुटुम्बकम्" घे. महोपनिषदात ते थोर मनाचं लक्षण म्हणून येतं. हितोपदेशात मात्र हाच श्लोक क्षुद्रबुद्धी नावाच्या कोल्ह्याच्या तोंडी आहे. त्याला हरणाचं मांस खायचंय, म्हणून त्यानं हरणाशी दोस्ती केलीय. सुबुद्धी कावळा हरणाला बजावतो, की ज्याचं कूळ-शील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये. त्यावर कोल्हा श्लोक म्हणून दाखवतो: आपला-परका हा हिशेब हलक्या मनाचे लोक करतात, थोरांना सारी पृथ्वीच कुटुंब! श्लोक खरा, पण म्हणणारा लबाड. तुझा विषय माणसाचा स्वभाव आहे ना, मग दोन मिनिटं या कोल्ह्यालाच दे. गोड बोलून कागदावर अंगठा घेणारे गावानं पाहिलेले असतात, त्यामुळं तात्पर्य सांगत बसू नकोस.

व्हॉल्टेअर या फ्रेंच विचारवंताचं म्हणून घेतलेलं वाक्य काढ. "तुमचं म्हणणं पटत नाही, पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी प्राण देईन" हे त्याचं नव्हे. तो 1778 मध्ये गेला. एव्हलिन बिअट्रिस हॉल या लेखिकेनं 1906 च्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना ते लिहिलं आणि पुढं लोकांनी त्याच्याच नावावर चढवलं. मोबाईलवर फोटोसकट फिरणाऱ्या सुविचारांचं बहुतेक असंच असतं. ग्रंथ आणि जागा सापडली नाही तर नाव घ्यायचं नाही.

समर्थ तर जांबचे, आपल्या जालन्याकडचे, तरी त्यांच्या ओळी आपणच मोडतो. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत: ओळीत बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू असं चारदा. ओळ बोटांवर मोजली की एखादा शब्द गळालेला लगेच कळतो. पण एवढ्यावर विसंबू नकोस. "मरावे परी कीर्तिरूपे उरावे" वृत्तात चपखल बसतं. आठव्या श्लोकात मात्र "देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी" असे शब्द आहेत. पुस्तक उघडावंच लागतं. "जगी सर्व सूखी असा कोण आहे" हा अकरावा श्लोक लोक दुखवट्याच्या घरी सर्रास म्हणतात, अर्धाच. पुढच्या दोन ओळी सांगतात, की जे भोगतोस ते तुझंच पूर्वसंचित. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याला हे ऐकवशील का?

"पेराल तसं उगवेल" खोड. ज्या गावात पावसानं दडी मारल्यामुळं दुबार पेरणी करावी लागली, तिथं ही म्हण कोणाच्या जिव्हारी लागेल सांगता येत नाही. बी चांगलं होतं, मेहनतही होती. म्हणीच हव्यात तर स्वभावावरच्या घे: "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही", "उथळ पाण्याला खळखळाट फार". फक्त समोर बसलेल्या कोणाकडं बघून म्हणू नकोस, सरपंचांकडं तर अजिबात नाही.

प्रत्येक वचनासाठी एक पोस्टकार्डाएवढा कागद कर. वर वचन पूर्ण, खाली ग्रंथ, अध्याय किंवा श्लोक क्रमांक, आणि कोण कोणाला म्हणतंय ते. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक गाथेच्या प्रतीप्रमाणं बदलतात, म्हणून तिथं प्रत कोणती तेही लिही. वचनाआधी क्षणभर थांब, ते एकदाच म्हण, आणि लगेच "म्हणजेच" म्हणून अर्थ सांगू नकोस.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. घड्याळ लावून मोठ्यानं वाचून मगच पाठव.

तुझे
बाबा