तक्रार: अपडेटनंतरची नवी पट्टी, 'स्मार्ट फिट' आणि वाया गेलेला ई-स्टॅम्प

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने फोन ठेवला आणि पाठोपाठ मोबाइलवर मेसेज आला, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.' तुमच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यापासून आमचं काम अडलंय, तीच ही तक्रार. काहीही सुटलेलं नाही, म्हणून हे पत्र. कोणतं बटण कुठून कुठे गेलं ते समजावत बसत नाही. तुम्हीच हलवलंय, तुम्हाला ठाऊकच असणार.

बडोद्यात दांडिया बाजारात माझं टायपिंगचं ऑफिस आहे. भाडेकरार, सोगंदनामे म्हणजे प्रतिज्ञापत्रं, वाटण्या, कोठीत म्हणजे कलेक्टर कचेरीत द्यायचे अर्ज, मोसमात लग्नपत्रिका. गुजराती, मराठी, इंग्रजी, कधी एकाच कागदावर तिन्ही. समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि दारात वकिलाचा माणूस स्कूटर बंद न करता उभा असतो. या धंद्यात बटणं डोळ्यांनी शोधायची नसतात, बोटांना माहीत असतात. लीगलचा कागद, पहिल्या पानाचं मार्जिन, प्रिंट, सगळं बोलता बोलता व्हायचं. आता मी स्क्रीनवर डोळे बारीक करून बसते आणि रोजचं गिऱ्हाईक विचारतं, 'बेन, नवुं शीखो छो?', म्हणजे नवीन शिकताय का? इतकी वर्षं याच खुर्चीत बसून हे ऐकायची वेळ तुम्ही आणलीत, त्याबद्दल तुमच्या डिझाइन विभागाचं अभिनंदन.

आमचे स्क्रीन १३६६ बाय ७६८ चे, म्हणजे जरा लहानच आहेत. देशातल्या कितीतरी ऑफिसांत अजून तेच आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. त्यावर तुमची वरची जाड पट्टी, तिच्याखाली 'सुचवलेली कामं' म्हणून दुसरी पट्टी आणि उजवीकडे आपणहून उघडणारा सहाय्यकाचा रकाना. उरलेल्या फटीत आम्ही करारनामा टाइप करायचा. सहाय्यकाचा रकाना बंद केला की दुसरी फाइल उघडताना पुन्हा हजर! त्याला कुणी बोलावलंय?

बटणांवरची नावं काढलीत आणि नुसती चित्रं ठेवलीत. सेव्हच्या जागी ढग आला. तो दाबला की फाइल आमच्या कॉम्प्युटरवर न राहता तुमच्या क्लाउडवर जाते. लोकांच्या घरच्या वाटण्या, कुणाला किती खोल्या आणि कुणाला किती तोळे, हे सगळं आम्ही टाइप करतो. ते कुठे साठवायचं हे आम्ही ठरवू की तुम्ही? उरलेला मजकूर करड्यावर करडा. पत्रिका करणारी आमच्याकडची मुलगी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स शिकलेली आहे. तिने पाहिलं आणि हसायलाच लागली. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, निदान ४.५ ला १ असावा असा सुलभतेचा जागतिक निकष आहे म्हणे. तिने तुमचा मोजला. आकडा इथे लिहीत नाही, तुमच्याकडे मोजणारं कुणी असेल तर मोजून घ्या.

हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण 'स्मार्ट फिट'चं काय?

ई-स्टॅम्पचा कागद तुमच्यापैकी कुणी हातात धरला आहे का? वरच्या भागात सर्टिफिकेट नंबर, दोन्ही पक्षांची नावं आणि रक्कम असते. खाली एक रेघ, आणि या रेषेखाली लिहा किंवा टाइप करा अशी सूचना. करार त्या रेषेखाली सुरू करायचा असतो, म्हणून पहिल्या पानाला वरून भलंमोठं मार्जिन ठेवावं लागतं. तुमच्या जुन्या आवृत्तीत ते मार्जिन एकदा लावलं की लावलं. नव्या आवृत्तीने काय केलं? प्रिंटच्या खिडकीत, 'अधिक'च्या आत, एका बारक्या बाणाखाली 'स्मार्ट फिट' नावाचा पर्याय घातला आणि आम्हाला न विचारता तो चालू ठेवला. 'मोकळी जागा कमी करून कागद वाचवा.' वाचवला कागद! वरची मोकळी जागा त्याला फुकट गेलेली वाटली, त्याने मजकूर वर सरकवला आणि कराराचा पहिला परिच्छेद सरळ सर्टिफिकेट नंबरावर आणि लिहून घेणाऱ्याच्या नावावर छापला गेला. ३०० रुपयांचा ई-स्टॅम्प गेला. तो मी माझ्या खिशातून भरला, कारण गिऱ्हाईक पादरा गावाहून एसटीने आलेलं होतं आणि तुमच्या हुशारीचा भुर्दंड त्याने भरावा हे मला पटलं नाही. दुसरा पक्ष तोवर निघून गेला होता, त्यामुळे सही दुसऱ्या दिवसावर गेली.

कागद वाचवायला निघालेल्या सॉफ्टवेअरने सरकारी कागदच वाया घालवला, यातला विनोद तुमच्या लक्षात यावा म्हणून पुन्हा लिहिते: स्मार्ट फिट आम्ही चालू केलेलं नव्हतं. तुम्ही केलंत.

आता कालचा फोन. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर एक मुलगा आला. सुरुवात हिंदीत झाली, माझं आडनाव ऐकल्यावर मराठीत आला. बरं वाटलं. मी सगळं नीट सांगितलं, ई-स्टॅम्पसकट. तो म्हणाला, "मॅम, नवीन लेआउट खूप युजर फ्रेंडली आहे." मी म्हटलं, युजर मीच आहे. तो थांबला, बहुतेक समोरच्या स्क्रीनवरची पुढची ओळ शोधत असावा. मग म्हणाला, "तुम्ही टूर बघितली का?" बघितली. त्या टूरमध्ये ढग आहे, रंग बदलायचे आहेत, वाढदिवसाच्या कार्डाचे नमुने आहेत. प्रिंट नाही. "आजकाल प्रिंट कोण काढतं मॅम, सगळे पीडीएफ पाठवतात." मी म्हटलं, नोटरीचा शिक्का पीडीएफवर कसा मारतात ते सांगा, उद्या त्यांना निरोप देते.

त्यावर आवाज एकदम मऊ करून, आजारी माणसाशी बोलावं तसा, तो म्हणाला, "काकू, घरात कुणी मुलं आहेत का? त्यांच्याकडे फोन द्या ना, ते दोन मिनिटांत करून देतील."

मॅमची काकू कधी झाले ते मला कळलंही नाही. मी म्हटलं, हे घर नाही, ऑफिस आहे, आणि लायसन्स माझ्या नावावर आहे. "हो, पण कुणीतरी यंग असेल ना?" आहे, म्हटलं. शेजारीच बसली आहे. तिलाही सापडलं नाही, म्हणून तर तुम्हाला फोन लावला. मग तो म्हणाला, "मग फीडबॅक देऊन टाका, वर उजव्या कोपऱ्यात हसरा चेहरा आहे त्यावर क्लिक करा." मी केलं. आधी पाच तारे आले. तारे दिल्याशिवाय लिहायची चौकट उघडत नाही. एक तारा दिला तर 'अरेरे! आम्ही काय चांगलं करू शकलो असतो?' आणि खाली लिहायला जेमतेम दोन ओळींची जागा. तेवढ्यात त्याने विचारलं, "अजून काही मदत करू शकतो?" मी म्हटलं, अजून म्हणजे? पहिली कुठे झाली? फोन बंद. आणि लगेच तो यशस्वीरीत्या सोडवल्याचा मेसेज.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे वाचायला दिलंय ते तो वाचतो. पण मुलांकडे फोन द्या, हे वाक्य कुणीतरी शिकवल्याशिवाय इतक्या सफाईने येत नाही, आणि ते शिकवणारा तुमच्या केबिनमध्ये बसत असणार.

बदल नकोच असं माझं म्हणणं नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली मेन्यू काढून रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आणली तेव्हा आख्खं जग कुरकुरलं होतं. पण त्यांनी ऑफिस २००३ मधले ऑल्ट बटणाचे शॉर्टकट चालू ठेवले, म्हणजे बोटांना जुनी वाट राहिली. तुमच्या नव्या आवृत्तीत ऑल्ट दाबलं की शोधपेटी उघडते आणि विचारते, 'आज काय करायचं आहे?' भाडेकरार करायचा आहे हो, कालही तोच करायचा होता! आमच्या इथलं न्यायमंदिर नावाच्या जुन्या इमारतीतलं कोर्ट २०१८ साली दिवाळीपुऱ्याला गेलं, त्याचा त्रास झालाच. पण ते जाणार हे सगळ्या गावाला आधीपासून ठाऊक होतं. तुम्ही रात्रीतून कोर्ट हलवलंत आणि सकाळी आलेल्या पक्षकाराला म्हणालात, घरात कुणी मुलं आहेत का.

मला हवंय ते थोडकं आहे. स्मार्ट फिट मुळात बंद असलं पाहिजे, ज्याला हवं तो चालू करेल. ऑल्टचे जुने शॉर्टकट परत द्या. जुनी मांडणी निवडायची सोय ठेवा. शक्य नाही असं सांगू नका. लिब्रेऑफिस हे असंच टायपिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तरी त्यात जुने टूलबार ठेवायचे की टॅबवाली पट्टी घ्यायची हे वापरणारा ठरवतो. तुम्ही दर वर्षी पैसे घेता. आमच्या मशीनवर लिब्रेऑफिस आता डाउनलोड करून घेतलं आहे आणि पुढच्या रिन्यूअलआधी मी जुन्या फाइली त्यात उघडून बघणार आहे. वाईट वाटतं. या गल्लीतल्या निम्म्या ऑफिसांना तुमचं सॉफ्टवेअर मीच घ्यायला लावलं होतं, आणि आता तेच लोक येऊन मला विचारतात, मार्जिन कुठे गेलं.

आणि माझे ३०० रुपये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी जिथे राहते तिथेच तक्रार करता येते, पुण्याला यावं लागत नाही. व्यावसायिक वापर म्हणून हात झटकायचा विचार असेल तर तोही सोडा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेला वापर त्यात धरत नाहीत. मला हे सगळं कसं माहीत, असं तुमच्या कायदा विभागाने विचारलं तर सांगा, अशा तक्रारी टाइप करून देणं हाच माझा धंदा आहे.

आपली ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे

सोबत: खराब झालेल्या ई-स्टॅम्पची झेरॉक्स, मागच्या रिन्यूअलची पावती.