आठवीनंतर लिंबाखाली बसणारी पोरं

परभणी

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

पाचवीच्या पोरांना खेळाचा तास संपला म्हणून मैदानावरून हाकलावं लागतं आणि आठवीत तीच पोरं लिंबाखाली सावली धरून बसतात, असं तू लिहिलंस. आळशी म्हणून सोडून देऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या आकड्यांत जगभरातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती; मुलींत 85, मुलग्यांत 78 टक्के.

आधी आपला हिशेब बघ. वर्ग साठचा, खो-खोचं मैदान एक. पाठलागाचे 9, पळणारे 3, म्हणजे बारा जण खेळात. त्यातलेही आठ बसलेले. बाकी 48 नुसते बघे! पाचवीतलं पोरगं पाळीची वाट बघतं, नववीतलं उठून जातं. म्हणून फक्कीनं, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीनं, चार आखूड पट्टे आख. प्रत्येकावर पंधरा: सहा बसलेले, एक पाठलागावर, तीन पळणारे, पाच पुढच्या पाळीचे. दर तीन मिनिटांनी बदल. खांब नसतील तर दगड ठेवू नकोस, वळताना घोटा जातो. फक्कीचा गोल पुरे.

गडी निवडायला कॅप्टन नेमू नकोस. सगळ्यांत शेवटी उरणाऱ्याचं पुढच्या आठवड्यात हमखास पोट दुखतं. एक ते चार आकडे म्हणायला लाव, झाले संघ.

मुली आठवीतच का गळतात हे आपल्याला माहीत असतं, फक्त बोलायला जड जातं. मासिक पाळीचं कारण चारचौघांत विचारू नकोस. त्याच्या नोंदीची वही बाईंकडे ठेव. मैदानाजवळच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, ते स्वतः बघ. ओढणी तिरपी घेऊन कमरेला गाठ, नाहीतर गडी तीच पकडतो. ‘पोरींना काय खेळायचंय’ म्हणणाऱ्याला धाराशिवच्या (तेव्हाचं उस्मानाबाद) सारिका काळेचं नाव सांग. खो-खोसाठी 2020 चा अर्जुन पुरस्कार आहे तिला.

काळ्या रानाचं मैदान पावसात बुटाला ढेकूळ लावतं, उन्हाळ्यात भेगा पाडतं. मुरूम पसर, पाणी मार, रोलर फिरव. फेब्रुवारी सरला की पहिलाच तास मागून घे. दहावीचा तास गणिताचे सर मागतीलच. आठवड्याच्या दोन तासांतला एक द्यावाच लागला तर दे, दोन्ही देऊ नकोस.

हजेरीशेजारी एक रकाना वाढव: तासाच्या पंधराव्या मिनिटाला किती जण हलत होते? मुलं-मुली वेगळे मोज. दिवाळीपर्यंतचे आकडे मला पाठव, सातवी ते नववीचे आधी.

तुझाच,
जुना गडी