पिकाला पाणी न लागणारं गाव

पुणे,
रविवार, रात्री सव्वा वाजता

प्रिय बापू,

ज्वारीचं पोतं पोचलं. वॉचमनने ते 'शेक्रेटरी साहेबांचं शिमिट' म्हणून जिन्याखाली ठेवलं होतं, दोन दिवस कुणी हात लावला नाही. आज भाकरी झाल्या. जास्त लिहीत नाही, नाहीतर पुढच्या वर्षीचं पोतं मागितल्यासारखं होईल.

परवा फोनवर तू म्हणालास, "आरं, दिवसभर सोसायटीतल्या लोकांची भांडणं मिटवतोस, आणि रातच्याला पुन्हा गेममधल्या लोकांची?" मी हसून विषय बदलला. उत्तर लांबलचक आहे आणि तुझ्या बांधावर रेंज टिकत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी सांगतो. मधलं न वाचता तिकडे उडी मारू नकोस.

गेमचं नाव रिमवर्ल्ड. टायनन सिल्वेस्टर नावाच्या कॅनडातल्या माणसाने केलेला. २०१३ साली लोकांकडून वर्गणी काढून सुरू झाला आणि पूर्ण झालेली पहिली आवृत्ती आली २०१८ मध्ये. गोष्ट एवढीच, की अवकाशयान फुटतं आणि तीन माणसं एका परग्रहावर येऊन पडतात. थोडं तयार जेवण, थोडं लाकूड, दोन-चार हत्यारं. पुढचं तुम्ही बघा. माणसांची नावं आपल्याला बदलता येतात, स्वभाव मात्र फाशात पडतील तसे. मी नावं दिली बापू, नाना आणि आप्पा. आप्पा म्हणजे आपले होस्टेलच्या मेसचे.

आता ऐक, कोण कसा निघाला. बापू शेतीत तरबेज. त्याच्या शेतीच्या रकान्यापुढे दोन ज्वाळा होत्या, म्हणजे ते काम त्याला मनापासून आवडतं. एवढं बरोबर जमलेलं बघून मी खुर्चीतच टाळी वाजवली. पण सोबत 'पायरोमॅनियाक', म्हणजे डोकं फिरलं की दिसेल ते पेटवत सुटणार. (तू कॉलेजची गंजी पेटवली होतीस ते मी गेमला सांगितलेलं नाही, शपथ.) आप्पांचा स्वयंपाकाचा हात यथातथा, म्हणजे खऱ्यासारखाच. आणि नाना, अर्थात मी, 'हलकी कामं करण्यास असमर्थ'. झाडू मारणार नाही, सामान उचलणार नाही. गेममध्ये हे पूर्वायुष्यावरून ठरतं. कुणी बड्या घरात वाढलेला असतो, त्याला केर काढायला सांगायची सोयच नसते. कॅनडातल्या माणसाला हे कसं सुचलं देव जाणे. आपल्याकडे अशी माणसं गल्लोगल्ली आहेत आणि त्यातली निम्मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे बुद्धिबळासारखं असेल, प्यादी हलवायची. तसं नाही. इथे माणसं हलवायचीच नसतात. एक कामांचा तक्ता असतो. उभी माणसं, आडवी कामं, आणि प्रत्येक चौकोनात एक ते चारपैकी आकडा. आप्पा, स्वयंपाक एक, केर तीन. बापू, पेरणी एक, बांधकाम दोन. तक्ता भरायचा आणि हात मागे घ्यायचे. अगदी अडलं तर एखाद्याला धरून 'हे आधी कर' म्हणता येतं, पण दिवसभर तसं करत बसलं तर गाव चालत नाही. माणसं आपापली उठतात, कामाला जातात, वाटेत भांडतात, चिडतात, एकमेकांच्या प्रेमात पडतात. मी वरून बघत बसतो. गणपतीत मांडवाची कामं वाटून दिल्यावर आपण कोपऱ्यात चहा घेऊन उभे राहायचो ना, तसं.

आणि मग जे बिघडतं ते आपल्या तक्त्यातूनच बिघडतं. पहिल्याच हिवाळ्यात झालेलं सांगतो. नाना केर काढत नाही. आप्पांच्या तक्त्यात केर तिसरा, आणि रांधण्यातून त्यांना सवड नाही. बापू शेतावर. स्वयंपाकघराची जमीन हळूहळू घाण होत गेली आणि माझं लक्ष नव्हतं, मी भिंती दगडाच्या करण्यात दंग होतो. घाण स्वयंपाकघरात शिजलेलं अन्न बाधतं. एका दुपारी तिघंही ओकत पडले. ओकारीने जमीन अजून घाण. तेवढ्यात एक खार पिसाळली. वाघ नाही, लांडगा नाही, खार! उठून उभं राहण्याचं त्राण कुणात नाही. बापू लटपटत बाहेर गेला आणि त्या खारीने त्याच्या डाव्या पायाचं एक बोट तोडलं. ते बोट कायमचं गेलं. बापूच्या तब्येतीच्या पानावर अजून तशी नोंद आहे.

बघ, यात एकही गोष्ट कुणी लिहिलेली नाही. एका चौकोनात मी तीन टाकला, तो एक असता तर तुझं बोट शाबूत राहिलं असतं. हे पहाटे तीन वाजता उमगलं आणि मी एकटाच हसत सुटलो. बायकोने झोपेतून विचारलं काय झालं. काय सांगू तिला?

संकटं पाठवायला गेममध्ये तीन कथेकरी आहेत. कॅसँड्रा चढत्या भाजणीने त्रास देते, फीबी दमाने घेते, आणि रँडी नावाचा दाढीवाला मनाला येईल ते करतो. मी रँडीकडे असतो. एकदा त्याने पंधरा दिवस काही केलं नाही, आणि सोळाव्या दिवशी सौरज्वाला पाठवून वीज घालवली, शीतगृहातलं मांस नासलं, त्याच संध्याकाळी दरोडा. दरोड्याचाही हिशेब आहे. वसाहतीची मालमत्ता जेवढी जास्त, तेवढी धाड मोठी. म्हणून जुने खेळाडू मुद्दाम गरीब राहतात, रेशमी गाद्या करत नाहीत.

या सगळ्याचा आजोबा म्हणजे ड्वार्फ फोर्ट्रेस, बुटक्यांच्या किल्ल्याचा गेम. टार्न आणि झॅक ॲडम्स हे दोघे भाऊ २००२ पासून तो करतायत. २००६ मध्ये लोकांना खेळायला दिला, तोही फुकट, आणि कितीतरी वर्षं घर चाललं ते लोकांच्या देणग्यांवर. तेव्हा चित्रं नव्हतीच, सगळं जग टाइपरायटरच्या अक्षरांचं. चित्रांची आवृत्ती विकायला आली थेट २०२२ च्या डिसेंबरात. त्यातली मांजरांची गोष्ट तुला आवडेल. खेळाडूंच्या मांजरी अचानक पटापट मरायला लागल्या. शोध घेतला तर दारूच्या गुत्त्यात बुटक्यांच्या हातून बिअर सांडायची, मांजरी त्यातून चालत जायच्या, मग पंजे चाटून स्वच्छ करायच्या. मांजर पंजा चाटते हे त्या भावांनी प्रोग्राममध्ये घातलं होतं, आणि पायाला लागलेली बिअर चाटली तर पोटात जाते हेसुद्धा. चूक फक्त मापाची झाली, एका चाटण्यात पूर्ण पेला मोजला जात होता. या खेळाचं ब्रीद आहे, हरण्यातच मजा. मी तो दोनदा सुरू केला, दोन्ही वेळा माझे बुटके तहानेने गेले. माझ्या वयाला रिमवर्ल्ड बरा.

आता मॉड. तू विचारलंस, 'मॉड मॉड' काय करतोस सारखं. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेमला लावलेली ठिगळं. हजारो आहेत, बहुतेक फुकट. कुणी मधमाश्या आणतं, कुणी भिंतीवरचे दिवे. मूळ गेममध्ये संडास नाही! माणसं जेवतात, पण पुढचं काही नाही. मग 'डब्ज बॅड हायजीन' नावाचा मॉड आला. त्याने संडास, न्हाणीघर, विहीर, टाकी, पाइप, सांडपाणी सगळं आणलं. मैला पाण्यात गेला की लोक आजारी पडतात. मी तो लावला आणि पहिल्याच आठवड्यात विहिरीच्या शेजारी शोषखड्डा खणून ठेवला. तुझी सरपंचकी आठवली, तू या एका गोष्टीवरून किती जणांशी वाकडं घेतलं होतंस.

अर्थात ठिगळं काढताना सांभाळावं लागतं. मागे एक कपड्यांचा मॉड (नाव सांगत नाही) जड वाटला म्हणून चालू खेळातून काढून टाकला. गेम पुन्हा उघडला तर अख्खी वसाहत नागडी. विजारी ज्या मॉडच्या होत्या तो मॉडच नाही, मग विजारी कुठून राहणार? बाहेर उणे दहा, आणि आप्पा तसेच भाजी चिरतायत.

माझा स्वतःचा पहिला मॉड चार ओळींचा होता. गेममध्ये माणूस टेबलाशिवाय जेवला की त्याचं मन तीन गुणांनी खट्टू होतं. यावर जगभर विनोद आहेत. भाऊ मेला, घर जळालं, आणि गडी कुढत बसलाय तो टेबल नव्हतं म्हणून. मीही हसायचो. मग एकदा वाटलं, अरे, तुझ्याकडे आपण आयुष्यभर जमिनीवर पंगतीला बसून जेवलो, कुणाचं मन खट्टू झालं? वाढणारा पुढे निघून गेला तर झालं असेल. फाइल उघडली, उणे तीन होतं, त्याजागी शून्य घालणारं ठिगळ लिहिलं. संपलं. पण ते शून्य टाकताना जे वाटलं ते वेगळंच होतं. कुणीतरी दूर देशात बसून माणूस कशाने दुःखी होतो याची यादी केली होती, आणि मी त्यातल्या एका ओळीवर काट मारली.

तिथून माझं डोकं चालायला लागलं. या गेमला थंडी किती बारकाईने कळते! हिमदंशाने बोटं झडतात, जाड कोट शिवावे लागतात, खोली तापवायला हीटर, प्रत्येक कापडाची ऊब वेगळी. करणारा कॅनडाचा, त्याने जे सोसलं ते त्याला येतं. आणि शेती? मूळ गेममध्ये पिकाला पाणीच लागत नाही, बापू. पाऊस पडो न पडो, भात तसाच वाढतो. उजेड आणि ऊब किती, जमीन सुपीक किती एवढंच बघतो. साधी माती शंभर टक्के, मुरमाड सत्तर, भारी एकशे चाळीस. मंगळवेढ्याच्या माणसाने हे ऐकून काय करावं? मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू बराच वेळ गप्प होतास, आणि मग म्हणालास, "मला तिथं जमीन घेऊन दे."

म्हणून गेले दोन महिने मी मालदांडी ज्वारी करतोय, गेममध्ये. पिकाची फाइल सोपी असते. किती दिवसांत वाढतं, उत्पन्न किती, हलक्या जमिनीचा किती फरक पडतो. भात सुपीकतेवर पूर्ण अवलंबून, बटाटा तेवढा नाही. फाइलमध्ये त्यांचा भात तीन दिवसांत वाढतो आणि मका अकरा-साडेअकरा, कारण त्यांचं वर्षच साठ दिवसांचं. मी ज्वारी त्या दोघांच्या मध्ये बसवली. एक गंमत आयतीच सापडली. पीक पासष्ट टक्के वाढलं की लवकर कापता येतं, उत्पन्न कमी मिळतं. अरे, हा तर हुरडा! गेमने आधीच हुरड्याची सोय करून ठेवलीय आणि त्याला ते माहीतच नाही.

अडलं ते कडब्याशी. गेमच्या हिशेबात एका पिकाचं एकच उत्पन्न. भात लावला, भात मिळाला. मी तुला विचारलं होतं, कडबा सोडून देऊ का, नुसतं धान्य ठेवतो. तू भडकलास. "दाणं तर कोण पण पिकवंल, जनावरं काय फाइल खात्यात का?" बरोबर आहे. आता फाइलने भागत नाही, थोडा प्रोग्राम लिहावा लागतो. त्यासाठी 'हार्मनी' नावाची सोय आहे. गेमच्या मूळ कोडाला धक्का न लावता त्याच्या एखाद्या कामाच्या मागे आपलं शेपूट जोडता येतं. पीक काढून झालं? आता शेजारी कडबाही ठेव. मी ते जोडलं, पण कुठलं पीक हे बघायला विसरलो. त्या रात्री भात काढला, कडबा. बटाटे काढले, कडबा. बापूने झाड तोडलं, तर त्यातूनही कडब्याची पेंढी. गोठ्यातली जनावरं मात्र खूश होती.

ते आता दुरुस्त केलंय. पाण्याचं अजून जमलं नाही. पावसाळ्यातली ओल जमिनीत धरून ठेवायची आणि त्यावर रब्बी काढायची, हे गेमला कसं समजावायचं ते मला सुचत नाहीये. सध्या भारी जमिनीवर जास्त गुण देऊन वेळ मारून नेलीय. तुला पटणार नाही, माहीत आहे.

तर काम असं. एक, कडब्याचं प्रमाण सांग. चांगल्या वर्षी एकरी पोती किती आणि पेंढ्या किती, आणि वाईट वर्षी दोन्ही कितीने घटतात. मला वाटतं वाईट वर्षी दाणा जास्त मारला जातो आणि कडबा तरी हाती लागतो, पण अंदाजाने लिहायचं नाही. दोन, फोटो. गेममध्ये कोवळ्या पिकाचं चित्र वेगळं आणि मोठ्याचं वेगळं लागतं. मोठं आत्ताच मिळेल, हुरड्याचं कणीस लागलेलं एखादं ताट काढ. पोटरीतल्या, कणीस अजून बाहेर न पडलेल्या ज्वारीचा फोटो फोनमध्ये मागचा असेल तर तोही पाठव.

वहिनींना नमस्कार, आणि त्यांना खारीचं सांगू नकोस.

फोटो सकाळी काढ, ऊन तिरपं असताना. एकच ताट, मागे आभाळ येऊ दे, बांध नको. मागच्या फोटोत तुझी मोटारसायकल आली होती, ती पुसण्यात माझा अख्खा रविवार गेला.

तुझा,
नाना