खातेफोड आयोवातही!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘अमेरिकेत शेतकऱ्याला सरकार वर्षाला अमुक लाख देतं’ हे वाक्य आपल्याकडे भाषणांत आणि पारावर सारखं ऐकू येतं. मीही ते अनेकदा ठोकून दिलंय. जन्मभर तलाठी म्हणून काम केल्यावर तरी सरासरीवर विसंबू नये, एवढं मला कळायला हवं होतं.

सध्या मी लेकीकडे आयोवातल्या एका ग्रामीण काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे. बघावं तिकडे मका आणि सोयाबीन. शेजारचा शेतकरी पन्नाशीचा, बहुतेक रान खंडाने केलेलं. आयोवात निम्म्याहून अधिक जमीन अशी खंडानेच कसली जाते. कुठल्या तुकड्यात काय पेरलं, ते १५ जुलैच्या आत फार्म सर्व्हिस एजन्सी या सरकारी शेती यंत्रणेच्या काउंटी कार्यालयात नकाशावर दाखवावं लागतं. म्हणजे आपली पीकपाहणीच की! मी हौसेने त्याच्याबरोबर गेलो.

तिथे कळलं की पाहणी यंदाची, पैसे मात्र जुन्या नोंदीवर. मक्याची संदर्भ किंमत २०२५ च्या कायद्याने बुशेलला, म्हणजे साधारण २५ किलोंना, ४.१० डॉलर केली आहे. वर्षाची सरासरी बाजारकिंमत त्याखाली गेली की फरक सरकार भरतं. पण तो मिळतो शेताच्या ‘बेस एकर’वर, म्हणजे मागे कधी काय पिकत होतं त्या नोंदीवर, आणि त्यातल्याही ८५ टक्के क्षेत्रावर. यंदा तिथे दुसरंच काही पेरलं असलं तरी चालतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. अशा मदतीला दरमाणशी वार्षिक मर्यादा आहे. ती १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या कायद्याने १,५५,००० केली. ‘दरमाणशी’ हा शब्द वाचला आणि मला सीलिंगच्या, म्हणजे कमाल जमीनधारणा कायद्याच्या, जुन्या फायली आठवल्या. भागीदारीत शेती दाखवली की प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी. भागीदाराने स्वतः राबायलाच हवं असं नाही, ‘व्यवस्थापन’ करतो म्हटलं तरी भागतं. २०१८ च्या कायद्याने तर कुटुंबाच्या व्याख्येत पुतणे, भाचे, चुलत-मामे भावंडंही घेतली. आमच्याकडे खातेफोडीला, म्हणजे एकाची जमीन नातलगांच्या नावांत वाटून दाखवायला, निदान रात्री कागद रंगवावे लागत. इथे ती कायद्यातच बसवली आहे.

शेजाऱ्याला या भानगडीचा उपयोग नाही. तो त्या मर्यादेच्या जवळपासही पोचत नाही. रोख खंड असेल तर अनुदानाचा धनादेश कसणाऱ्यालाच मिळतो, मालकाला नाही. हे मला मनापासून आवडलं. आपल्याकडे पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला जातो आणि बटईदार बघत राहतो. पण शेजारी हसला. म्हणाला, अनुदानाचे दर जाहीरच असतात, मालकही वाचतो, आणि पुढच्या खंडात वाढ मागतो. चीनशी व्यापारयुद्ध झालं तेव्हा, २०१९ मध्ये, काउंटीनिहाय एकरी १५ ते १५० डॉलर मदत ठरली होती. शेजाऱ्याचे दोन तुकडे दोन काउंट्यांत. मधे फक्त एक खडीचा रस्ता, पण अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा.

पीकविम्याची तऱ्हा आणखी निराळी. हप्त्याचा सरासरी साठेक टक्के भार सरकार उचलतं आणि त्याला दरमाणशी मर्यादाच नाही. जितके एकर जास्त, तितकी मदत जास्त. थेट मदत कुणाला किती मिळाली, ते नावानिशी कुणालाही बघता येतं. विम्याच्या सवलतीची नावं मात्र झाकलेली.

तेव्हा पुढच्या वेळी अमेरिकेतल्या अनुदानाची सरासरी छापाल, तेव्हा शेजारी एक रकाना वाढवा: वरच्या दहा टक्क्यांना किती गेले? आणि खंड किती वाढला, तेही. शेजाऱ्याला मालकाचं पत्र परवाच आलं आहे. एकरी वीस डॉलर जास्त मागतोय.

आपला,
एक निवृत्त तलाठी
(सध्या मुक्काम आयोवा)