मुलुंडच्या मेडिकलवाल्या ताईंना, एका गिऱ्हाइकाकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र काउंटरवर हातात देता आलं असतं. पण संध्याकाळच्या गर्दीत तुम्ही ते बिलांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवलं असतंत, हे मला माहीत आहे. शिवाय वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेणारे आणि ‘घ्यावं का रे?’ म्हणून विचारणारे आता माझ्या ओळखीतच बरेच निघालेत. त्यांच्याही वाचनात यावं म्हणून उघडच लिहितो आहे.

माझी हकिगत तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे, आज सलग सांगतो. २०२४ साली कंपनीच्या कामासाठी मी न्यू जर्सीत होतो. वजन शंभरीपार गेलेलं, रक्तदाबाची गोळी सुरू, आणि घोरणं असं की बायको व्हिडिओ कॉलवरूनही तक्रार करायची. तिथल्या डॉक्टरांनी सेमाग्लुटाइड, म्हणजे भूक कमी करणारं हेच आठवड्याचं इंजेक्शन, सुचवलं. त्याचं वेगोव्ही या नावाचं, औषध आधीच भरलेलं पेन तेव्हा अमेरिकेत टंचाईच्या यादीत होतं, विमा कंपनीने हात वर केले होते आणि छापील किंमत महिन्याला साडेतेराशे डॉलरच्या आसपास. औषधाची अशी टंचाई असली की तिथल्या काही फार्मसींना तेच औषध स्वतः तयार करून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देता येतं. त्याला कंपाउंडेड म्हणतात. मला मिळालं ते तसलं. काचेची छोटी कुपी, औषधात बी-१२ मिसळलेलं, सोबत इन्सुलिनच्या सिरिंजा. पैसे पेनच्या मानाने बरेच कमी पडले. डॉक्टर ठरलेल्या वेळी फोनवर वजन, पोट, मळमळ सगळं विचारायचे. औषध लागूही पडलं, त्यामुळे त्याला मी नावं ठेवणार नाही. एवढं मात्र खरं, की कंपाउंडेड औषध विकण्याआधी अमेरिकेचं औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, ते तपासत नाही. सगळी भिस्त लिहून देणाऱ्या डॉक्टरवर आणि बनवणाऱ्या फार्मसीवर.

फेब्रुवारी २०२५मध्ये एफडीएने सेमाग्लुटाइडची टंचाई संपल्याचं जाहीर केलं आणि अशा फार्मसींना एप्रिल-मेपर्यंत ते बनवणं आवरतं घ्यायला सांगितलं. त्याच सुमाराला माझं तिथलं कामही संपलं. मुलुंडला परतलो तो इंजेक्शनाविना. मधे काही आठवडे तसेच गेले आणि भूक अशी परतली, जणू भाडं थकवून गेलेला भाडेकरू सामानासकट पुन्हा दारात.

जूनमध्ये वेगोव्ही भारतात आल्याचं वाचलं आणि तुमच्या दुकानात येऊन म्हणालो, ‘मला वीस युनिट लागतात.’ तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. ‘वीस युनिट म्हणजे किती मिलिग्रॅम?’

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता. मोबाइलमधला कुपीचा फोटो तुम्ही मोठा करून पाहिलात. एका मिलिलिटरमध्ये अडीच मिलिग्रॅम. मग बिलाच्या मागे हिशेब मांडलात: इन्सुलिनच्या सिरिंजवर शंभर युनिट म्हणजे एक मिलिलिटर, वीस युनिट म्हणजे ०.२ मिलिलिटर, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. ‘आणि याच कुपीत मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम असतं, तर याच वीस युनिटांत दुप्पट औषध गेलं असतं,’ असंही वर ऐकवलंत. नंतर मी शोधून वाचलं. याच युनिट-मिलिग्रॅमच्या घोळात अमेरिकेत काही जणांनी पाचपट ते वीसपट डोस टोचून घेतला होता आणि जुलै २०२४मध्ये एफडीएला त्याबद्दल इशारा द्यावा लागला होता. उलट्यांनी बेजार होऊन काहींना इस्पितळ गाठावं लागलं. तुमचा तो बिलाचा कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

एवढं करून औषध दिलंत का? नाही दिलंत! ‘इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा’ म्हणालात. मी जुना डोस, अमेरिकेतली चिठ्ठी, सगळं पुढे केलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘घाई कित्याक?’ आणि मग गर्दीतही आवाज खाली आणून विचारलंत, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? तुम्हाला कधी स्वादुपिंडाला सूज? पित्ताचे खडे? मधुमेहाच्या गोळ्या? हेच प्रश्न दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, तेव्हा माझी उत्तरं तयार होती. इतक्या खंडानंतर जुन्या डोसवर उडी नको म्हणून त्यांनी मला पुन्हा पाव मिलिग्रॅमवर आणलं. चार आठवडे तेवढंच, मग पुढची पायरी. तेव्हा मी मनातून चिडलो होतो, हेही सांगून टाकतो. पहिल्या महिन्याच्या पेनला १७,३४५ रुपये मोजायचे आणि डोस मात्र नवशिक्याचा!

पैशांवरून आठवलं. जिममधल्या एकाने व्हॉट्सॲपवर स्वस्तात कुपी मिळवून देतो म्हटलं होतं. लेबलवर ना फार्मसीचं नाव, ना बॅच नंबर. तुम्हाला फोटो दाखवला तर तुम्ही मालवणीत जे बोललात ते इथे छापता येणार नाही. तिकडे माझ्या कुपीमागे निदान एक डॉक्टर आणि नाव-पत्ता असलेली एक फार्मसी होती. या कुपीमागे फक्त एक मोबाइल नंबर होता.

बारीकसारीक गोष्टींचे आभार कुठवर मानू? जुलैच्या पावसात पेन आईसबॅगेत घालून दिलंत, पण बर्फाचं पॅक थेट चिकटू नये म्हणून मधे नॅपकिन गुंडाळलात. पेन २ ते ८ अंशांत राहायला हवं, गोठलं की फेकायचं, हे तेव्हाच सांगितलंत. महावितरणची वीज तासन्‌तास गेली त्या रात्री मी घाबरून फोन केला, तर ‘फ्रिज उघडून बघत बसू नका’ एवढंच म्हणून ठेवून दिलात. वडापाव खाऊन मळमळलं तेव्हा औषध मागायला आलो, तर गोळीआधी डॉक्टरांना फोन लावायला लावलात. मग म्हणालात, ‘तेलकट जरा लांब ठेवा, बांगडा खा, मूग खा, पोट भरलं की ताट सरकवा.’ वजनाबरोबर स्नायूही झिजतात म्हणून प्रथिनं आणि डंबेल्स डॉक्टरांनी सांगितलीच होती, पण बांगडा मात्र तुमचा. गणपतीत दोन मोदकांवर हात थांबला तेव्हा आईला वाटलं, मी आजारीच आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही न विचारता सांगितलीत, तीही वजन भराभर उतरत होतं आणि मी खुशीत होतो तेव्हा. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. ‘थांबायचं कधी, थांबल्यावर काय, हे आत्ताच डॉक्टरांशी बोलून घ्या,’ असं म्हणालात. गिऱ्हाईक कमी करणारा सल्ला देणारे दुकानदार मी फार पाहिलेले नाहीत. त्यावर डॉक्टरांशी दोन वेळा बोललो. वर्ष पूर्ण झाल्यावर रिपोर्ट पाहून ठरवायचं, तोवर डोस उगाच वाढवत न्यायचा नाही, असं ठरलं आहे. रक्तदाबाची गोळी त्यांनी अर्ध्यावर आणली आहे. घोरण्याबद्दल बायकोला विचारा, माझं मत ग्राह्य धरू नका.

डोस तोच आहे, म्हणजे पेनही तेच लागेल. शनिवारी सकाळी चिठ्ठी आणि आईसबॅग दोन्ही घेऊन येतो, एक मागवून ठेवा.

आपला,
पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा पेशंट आणि तुमचं गिऱ्हाईक