विमानाचे तास घड्याळे वजा करून मिळत नाहीत

महोदय,

प्रवासविषयक सदरांत परदेशी विमानतळांची अंतरे आणि वेळा छापताना सपाट नकाशा व तिकिटावरचे घड्याळ यांवर विसंबू नये, ही विनंती.

मुंबई–लंडन घ्या. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, लंडनचे हीथ्रो विमानतळ 51.47 उत्तर, 0.46 पश्चिम. अक्षांश-रेखांशांतले फरक 111 किलोमीटरने गुणून पायथागोरस लावला, तर सुमारे 8,900 किलोमीटर येतात. प्रत्यक्षात ते सुमारे 7,200 आहेत. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर 111 किलोमीटरचा, मुंबईजवळ 105चा आणि लंडनजवळ अवघा 69चा असतो. सगळा घोळ इथेच होतो.

हिशेब कठीण नाही. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्हींच्या कोसाइनच्या गुणाकाराला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणा. या दोन गुणाकारांची बेरीज 0.4247 येते. तिचा उलट कोसाइन, म्हणजे तेवढा कोसाइन असलेला कोन, 64.87 अंश. त्याला 60ने गुणले की 3,892 सागरी मैल आणि त्यांना 1.852ने गुणले की किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर असावा, रेडियनवर नसावा. 19 अंश 5 मिनिटे म्हणजे 19.05 नव्हे, 19.08. पश्चिम रेखांश उणे धरावा. लंडनला ही चूक साठेक किलोमीटरांवर निभावते, पण न्यूयॉर्कचे 73.78 पश्चिम रेखांश विसरून पूर्व धरले, तर मुंबईहून साडेबारा हजारांऐवजी जेमतेम चोवीसशे किलोमीटर दिसतात!

ताशी 900च्या वेगाने लंडन आठ तासांवर यायला हवे. तसे होत नाही. उंचावरचे जेट वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरासरी शंभराचा समोरचा वारा धरला तर जाताना नऊ तास आणि येताना सव्वासात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढ-उतार यांसाठी अर्धा तास वेगळा. शिवाय सर्वात जवळची रेषा कराची, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022पासून नागरी विमानांना बंद आहे, पाकिस्तानने आपले एप्रिल 2025मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केले. वळसा आलाच.

तिकिटावरच्या वेळा मात्र ज्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी 1 वाजता निघून लंडनला संध्याकाळी 6 वाजता पोहोचणारे विमान पाच तास उडत नाही. हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे साडेदहा. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळे तासभर पुढे असतात, म्हणून साडेचारच, म्हणजे साडेनऊ. परतीला तेवढेच वजा करायचे. गोंधळ टाळायचा तर दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, बदलाव्यात.

तेव्हा वेळा छापताना एकूण तास आणि महिना जरूर द्यावा. ब्रिटनची घड्याळे मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात, अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत एका देशाचा हिशेब दुसऱ्याला लावला तर तासाभराची चूक होते, आणि पुढचे विमान चुकायला तेवढी पुरते.

आपला,
एक वाचक