आधी दांडा पुसून बघ

पुणे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रात्री फोनवर तू सहज म्हणालीस, "होडीचं स्टिअरिंग जरा ढिलं लागतंय, वरून तेल घालते." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तुझं स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. त्यातलं तेल आपोआप संपत नाही गं. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळलं आणि तेवढी हवा आत शिरली. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणूनच स्टिअरिंगच्या चक्राला जादा फेरे लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या खडकांजवळ अशी होडी नेऊ नकोस.

इंजिनाजवळच्या सिलिंडरचा दांडा कोरडा पूस आणि चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरव. दांड्यावर तेल आलं तर तेल अडवणारं सील गेलं. नख फिरवून बघ, खड्डा लागला तर नवं सीलही टिकणार नाही. चक्रामागे ओल असेल तर हेल्मच्या, म्हणजे चक्रामागच्या पंपाच्या, शाफ्टचं सील गेलं. जोडांना टेफ्लॉन टेप लावू नकोस, त्याचे तुकडे चेक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे तेल मागे येऊ न देणाऱ्या झडपेत, अडकतात आणि होडी दिशा धरत नाही.

हवा काढायला दोघं लागतात. हेल्मवर तेलाची बाटली लाव, ती मध्येच रिकामी होता कामा नये. चक्र एका बाजूला पूर्ण फिरव. उलट फिरवल्यावर तेल जिकडे जाणार तिकडचं सिलिंडरवरचं हवा काढायचं निपल उघड, त्याला पारदर्शक नळी लाव. आता दुसऱ्याने दांडा घट्ट धरायचा आणि तू उलट फिरवायचं. बुडबुडे थांबले की फिरवता फिरवताच निपल बंद. मग दुसरी बाजू.

ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील खराब होतात. आपल्या भोसरीच्या प्रेस मशीनमधलं 68 नंबरचं हायड्रॉलिक तेलही जाड पडेल. 15 नंबरचं घे.

आई म्हणते, "तिला काय शिकवतोस, लायसन तिच्याकडे आहे." खरंय, चुकलं माझं. खडकवासल्याला पाण्यात पाय घालायला रडणारी तू, आणि आता दहा माणसं तुझ्या भरवशावर समुद्रात जातात. हे मी सगळ्यांना सांगतो, फक्त तुला सांगायचं राहतं.

पण सील बदलेपर्यंत होडी जेटीलाच राहू दे. एका फेरीचे पैसे बुडाले तर मी देईन. पुन्हा तेच लिहिलं, रागावू नकोस.

सिलिंडरवरच्या पट्टीचा फोटो पाठव. सील किट त्या नंबरावरच मिळतं. मिळालं की तेलाबरोबर स्वारगेटहून मालवणच्या एसटीत देतो. आणि टोकापासून टोकापर्यंत किती फेरे लागतात ते मोजून आजच कळव.

बाबा